जावयाच्या गावचं हवामान

रहिमानं उभ्या जन्मात बर्फ पाहिला तो माशांच्या पेटीत आणि सरबताच्या ग्लासात. पण त्या फेब्रुवारीत बॉस्टनला कधी आणि किती बर्फ पडणार, हे आखातातल्या त्यांच्या सगळ्या वादी कबीर वस्तीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. टीव्हीवर हवामान लागलं की ती गॅस बारीक करून हॉलमध्ये यायची. एक टायवाला गोरा नकाशावर हात फिरवायचा, पांढरे ढग बॉस्टनकडं सरकायचे आणि रहिमा बोटांवर दिवस मोजायची.

कारण पुढच्या शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर तिच्या मेहविशचा निकाह होता आणि नवरा मुलगा साकिब होता बॉस्टनला. तो बुधवारी निघणार होता. आणि हा टायवाला म्हणतोय, मंगळवारपासून मोठं वादळ, दोन फूट बर्फ, विमानं बंद!

"अगं, येईल वेळेवर, इन्शाल्ला," बाबामियाँ म्हणाले. त्यांचं गाड्यांच्या पार्टांचं दुकान. गिऱ्हाइकाला जे सांगायचं, तेच बायकोला सांगायची सवय.

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात."

दोन वर्षांपूर्वी मेहविशचा निकाह असाच ठरला होता. रत्नागिरीहून पाहुणे आले, मेंदी लागली, आणि दुबईच्या त्या मुलाचा फोन आला, की तिकीट मिळत नाही. कसलं तिकीट न् कसलं काय! तो आलाच नाही. मेहविश शनिवारी मेंदीच्या हातांनीच ऑफिसला गेली. रडली नाही, बोलली नाही. पोरीनं आदळआपट केली असती तर रहिमाला बरं वाटलं असतं. आता दुसऱ्यांदा लोकांना काय सांगायचं, बर्फ पडला? खरं असलं तरी कोण मानणार!

मुलीकडच्यांनी जावयाला लवकर ये म्हणणं म्हणजे उतावळेपणा. लोक नावं ठेवतात. ठेवोत मेले! रहिमानं फोन लावला.

"साकिब, बाबा, तू शनिवारीच निघ."

"मामी, इथले अंदाज रोज बदलतात. आणि माझी रजा बुधवारपासून आहे."

"आभाळ काय तुझी रजा विचारून भरतं? आणि आवाज का बसलाय तुझा? स्वेटर घालतोस ना?"

साकिब म्हणजे आई लहानपणीच गेलेला मुलगा, तसाही मितभाषी. एवढंच म्हणाला, "बघतो, मामी."

बघतो! दुबईवालाही आधी बघतोच म्हणाला होता.

रविवारी संध्याकाळी टायवाला हसतच पडद्यावर आला. वादळ समुद्राकडं वळलं होतं. बॉस्टनला बर्फाचा कणसुद्धा पडणार नव्हता. बाबामियाँनी टाळी वाजवली. "खलास! बुडालं तुझं वादळ. उगाच पोराच्या डोक्याला ताप दिलास." रहिमाला हायसं वाटलं आणि लाजही वाटली.

सोमवारी दुपारी दारावरची बेल वाजली. दारात साकिब! अंगात ढोपरापर्यंतचा जाड कोट, कपाळावरून घामाच्या धारा.

"घ्या!" बाबामियाँ कपाळावर हात मारून हसले. "हिच्या नादी लागून फुकट धावत आलास. तिकडं वादळबिदळ काही नाही."

"ठाऊक आहे, मामा. मला विमानतळावरच कळलं होतं. काउंटरवरची बाई म्हणाली, बुधवारीच जा."

"मग आलास कशाला?" रहिमानं विचारलं.

साकिब खाली मान घालून बॅगेचा पट्टा सारखा करत राहिला. "आठ हिवाळे काढले तिथं, मामी. खिडकीपर्यंत बर्फ चढायचा. स्वेटर घातलास का, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, वादळ नसलं तरी जावं."

रहिमाला डोळे टिपायला पदर कुठं शोधावा कळेना. मग तिनं हुकूम सोडला, की निकाहाआधी नवरदेवानं या घरात राहायचं नाही, वरच्या मजल्यावर चंद्रहासभाऊंकडं खोली मागून घेते, तोवर चहा घे. आणि ती घाईनं स्वयंपाकघरात शिरली.

मेहविश ओट्याला टेकून रडत होती. दोन वर्षांचं साचलेलं सगळं. रहिमानं तिला जवळ घेतलं आणि मनसोक्त रडू दिलं.

शेवटी मेहविशनं ओढणीनं नाक पुसलं.

"अम्मी," ती म्हणाली, "त्यांना तो कोट तरी काढायला सांग ना. उकडत असेल."