चौदा वर्षांचं बाळ

रक्ताचा रिपोर्ट फोनवर आला तेव्हा ती ढब्बूला चमच्याने दूध पाजत होती. बाळाच्या टाळूला जन्मापासून फट, त्यामुळे थोडं दूध पोटात आणि थोडं नाकातून बाहेर, असा रोजचा मामला. उद्या सकाळी ती फट शिवायची होती. या एका तारखेसाठी सगळं घर ढब्बूच्या वजनाकडे डोळे लावून बसलं होतं. शिंकणाऱ्या पाहुण्यांना तर सासूबाईंनी दारातूनच वाटेला लावलं होतं.

"पांढऱ्या पेशी वाढल्यात," नवरा म्हणाला. "चौदा हजार दोनशे. आणि नॉर्मल तेरा हजारांपर्यंत. त्यांतल्याच एका जातीच्या, लिम्फोसाइट्सपुढेही वर जाणारा बाण आहे."

"वाढल्यात तर बरंच की," सासूबाई म्हणाल्या. "वाढत्या अंगाचं लेकरू आहे."

"आई, ते वजन नाही!"

"मग नीट सांग. तोंड पाडून बसलास तर मला काय कळणार?"

पण त्याने सांगितलं नाही. तो फोनमध्ये काहीतरी शोधून वाचत होता. वाचलेला शब्द त्याने उच्चारला नाही, तरी तिला तो त्याच्या चेहऱ्यावर दिसला.

"वहिनी, उद्याचं रद्द करू या," नणंद हळूच म्हणाली. "आणि आधी मोठ्या डॉक्टरांना दाखवू."

रद्द म्हणजे पुन्हा तारीख, पुन्हा वाट पाहणं. आणि त्या न उच्चारलेल्या शब्दाची भीती वेगळीच. तिने ढब्बूच्या कपाळाला हात लावला. गार. ढब्बू पायाचा अंगठा तोंडात कोंबण्यात गर्क होता, आणि अंगठा हाती लागला की स्वतःवरच खूश होऊन खिदळत होता.

"दे इकडे," तिने नवऱ्याच्या हातून फोन घेतला. सगळ्यांची नजर त्या बाणांवर खिळली होती. तिने मात्र अगदी वरून सुरुवात केली. नाव बरोबर. मुलगा, बरोबर. वय: १४ वर्षे.

ती फस्सकन हसली. मग हसू आवरेना.

"अगं, काय झालं?" सासूबाई घाबरल्या. "हिला पाणी द्या कुणीतरी!"

"आई, तुमचा नातू चौदा वर्षांचा झालाय!"

मग तिला आठवलं. लॅबच्या काउंटरवर विचारलं होतं, "वय?" आणि ती म्हणाली होती, "चौदा." बास. घरात रांगतं मूल असलं की महिन्यांखेरीज दुसरं काही मोजायचं असतं, हेच आई विसरते. ढब्बू तेव्हा बाहेर आत्याच्या कडेवर बसून कबुतरं बघत होता. काउंटरवाल्या मुलीने समोर बाळ पाहिलंच नव्हतं.

तिने तिथल्या तिथे लॅबला फोन लावून रिपोर्टचा नंबर सांगितला.

"पेशंटचं वय चौदा ना?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"चौदा महिने."

पलीकडे की-बोर्ड खडखडला. "मॅडम, इथे वर्षं पडलीत."

"तेच सांगतेय. चौदा वर्षांचा असता तर तुमच्या रक्त घेणाऱ्या माणसाचा चष्मा चावायला गेला असता का?"

पलीकडे कुणीतरी खो खो हसलं. "तो होय! थांबा, आमच्या डॉक्टरांना दाखवून लगेच पाठवते."

नवा रिपोर्ट आला. पेशी तेवढ्याच, चौदा हजार दोनशे. पण या वयासाठी नॉर्मल सहा हजारांपासून साडेसतरा हजारांपर्यंत. बाण दोन्ही गायब.

तेवढ्यावर ती थांबली नाही. ढब्बूला काखोटीला मारून तडक हॉस्पिटलात गेली; मागोमाग नवरा आणि नणंद. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद पाहिले, घसा पाहिला, छाती ऐकली, ताप मोजला.

"एवढ्या लहान मुलांत पांढऱ्या पेशी मोठ्यांपेक्षा जास्तच असतात," त्या म्हणाल्या. "लिम्फोसाइट्सचा वाटाही मोठा. हा मोठ्या मुलाचा आकडा असता तर मी थांबले असते. रक्त घेताना रडला होता?"

"रडला? रस्ता गोळा केला!" नणंद म्हणाली.

"रडण्यानेही आकडा थोडा चढतो. ताप नाही, सर्दी नाही, छाती साफ. उद्या ऑपरेशन करायचं."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "मी उगाच घाबरवलं तुला."

"घाबरवलंस खरं," ती म्हणाली, आणि भर कॉरिडॉरमध्ये त्याचा हात धरून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सर्जन मास्क खाली ओढत बाहेर आले. "फट पूर्ण शिवली. छान झालंय." ती काही विचारणार, तोच आतून असा टाहो फुटला की बाकावरचे सगळे दचकले.

"आमचा आहे हो तो!" सासूबाईंनी अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असं सांगितलं.

नर्सने दार उघडून हाक मारली, "आई कोण?"

हाक पुरी होण्याआधीच ती आत पोचली होती.