शेवंतीबाईंची पायाने उठणारी विळी

मित्रांनो, मी मासे कापायची जुनी विळी आहे. जुनी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. माझ्या पात्याखालून गेलेलं पापलेट कधी चिंधड्या होऊन बाहेर आलं नाही. तुमच्या ओट्यावर त्या रंगीत मुठीच्या सुऱ्या असतात ना, त्यांनी माझ्यासमोर तोंड उघडू नये.

माझा जन्म ठाण्याच्या खाडीकाठचा, कोळीवाड्यातला. माझी मालकीण शेवंतीबाई. शाळा तिने तिसरीत सोडली, पण बाजारात तिच्या टोपलीला विचारल्याशिवाय हात लावायची कोणाची छाती नाही. नवरा गेल्यावर घर तिनेच ओढलं. तरी घर राहिलं सासऱ्याच्या नावावर, होडी नवऱ्याच्या नावावर, आणि बाजारातला गाळा लागला मुलाच्या, संदेशच्या नावावर. तिच्या एकटीच्या नावाचं असं काही म्हणाल तर ती मी.

माझ्याआधी घरात साधी विळी होती. पातं सदा उभं. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी धारेची हत्यारं देवीपुढे मांडतात. एकदा मांडली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायची नाहीत. त्या दोन दिवसांत घरात मिरचीसुद्धा चिरत नाहीत. एका नवमीला घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधली बंगाली गिऱ्हाइकं दारात आली. त्यांच्या सणाला मासळी लागते. शेवंतीबाई देवळात गेलेली. सून कांताने पूजेतली विळी उचलली आणि दारात बसली. गर्दीत कोणाचा तरी धक्का लागला आणि तिचा तळवा उभ्या पात्यावर गेला. उजव्या हाताची दोन बोटं आजही वळत नाहीत.

शेवंतीबाई कांताला एका शब्दानेही बोलली नाही. घराला मात्र सांगून टाकलं, "यापुढे पूजेतलं हत्यार जो उचलेल, त्याला या घरात पाणी मिळणार नाही."

आणि मग ती मला घडवायला बसली.

पाट शिवराम सुताराकडून आला. शहाडच्या भंगारवाल्याकडून तिने स्कूटरच्या स्टँडची स्प्रिंग आणली. माझ्यावर बसून पायाची पट्टी दाबली की पातं उभं राहतं. पाय उचलला की पातं लाकडात आडवं निजतं. धक्का लागो, पोर धावत येवो, हात कापायला वर काही उरतच नाही. माझी खरी करामत पोटात आहे. तिथे एक तिरपी खोबण आहे, ती आत जाऊन वळते, आणि तिच्यात पातं धरून ठेवणारी बाभळीची खुंटी आहे. लोखंडाचा खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो. माझी खुंटी ओली झाली की फुगते आणि घट्ट बसते. ती खोबण शेवंतीबाईने स्वतः कोरली, खुंटी स्वतः ठोकली. शिवरामनेही आतलं पाहिलेलं नाही.

वाकड्या बोटांची कांता पुन्हा बाजारात बसली ती माझ्यावर. तिला माझा साधा ओरखडासुद्धा उठला नाही. शेजारच्या बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, "शेवंते, मला पण एक करून दे गो." शेवंतीबाई म्हणायची, "रांगेत उभी राहा." मी फुगून जायचे. का फुगू नये?

घरात शिकणारी एकच, नात अक्षदा. पॉलिटेक्निकला जाते, मशीनची चित्रं काढते. ती म्हणाली, "आजी, हिचं पेटंट घेऊ या. उद्या कोणी कारखान्यात बनवली तर म्हणेल आम्हीच शोधली."

"म्हणून तर दाखवू दे! जीभ उपटीन," शेवंतीबाई म्हणाली. पण ते तिला पटलं. संदेशने डोंबिवलीचे एक पेटंट एजंट शोधले, कुंडलिक नावाचे. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीच्या दिवशी त्यांनी अर्ज टाकला. अर्जदार शेवंतीबाई, शोध लावणारी शेवंतीबाई. तिने दोनदा विचारून घेतलं, "माझंच नाव ना? संदेशचं नाही ना?"

कुंडलिक तेव्हाच बजावून गेले होते. "मावशी, हा अर्ज अर्धा आहे. आज फक्त तारीख पकडून ठेवली. वर्षाच्या आत पूर्ण वर्णन आणि आतली चित्रं द्यायची. नाही दिली तर तुम्ही अर्ज सोडून दिला असं धरतात."

सगळ्यांनी माना हलवल्या. मग अर्जाची पावती आली. मित्रांनो, पुढे काय झालं ते ऐका. त्या पावतीला काच बसवली, देव्हाऱ्याशेजारी टांगली आणि तिला हार घातला. वाड्यात पेढे वाटले. पुढे मासळी महोत्सव आला, तर मला स्टेजवर नेऊन चारचौघांसमोर पातं उठवून दाखवलं. लोकांनी व्हिडिओ काढले. एका कारखान्याचा माणूस दोनदा येऊन वाकून वाकून बघून गेला. घरात सगळे म्हणायचे, पेटंट मिळालं. मिळालेलं काहीच नव्हतं. मी अर्धीच होते आणि गळ्यात झेंडूची माळ होती.

कुंडलिकांचे मेल संदेशच्या जुन्या पत्त्यावर जायचे. तो पत्ता तो उघडायचाच नाही. एकदा फोन आला, तेव्हा संदेश म्हणाला, "चित्रं देतो साहेब, वर्ष भरायच्या आत नक्की." अक्षदाने दोनदा विचारलं, "आजी, विळी उघडू या का?" शेवंतीबाई म्हणाली, "धंद्याची विळी उघडून ठेवू? दिवाळीला वर्ष भरतंय. त्याच्या आधी बघू."

आणि यंदाची नवमी उजाडली.

सकाळीच मला धुतलं, पुसलं, हळदकुंकू लावलं आणि पाटावर मांडलं. शेजारी कोयता, कात्री, अक्षदाची कटरसुद्धा. दुपारी दार वाजलं. कुंडलिक. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, काखेत लॅपटॉप.

"शीळफाट्याला दोन तास अडकलो. फोन का उचलत नाही तुम्ही? चित्रं कुठायत?"

"सणाच्या दिवशी काय चित्रं?" शेवंतीबाई म्हणाली. "दिवाळीला अजून अवकाश आहे. पाणी प्या."

"मावशी, मुदत आज संपते."

"पहिल्या अंघोळीला टाकला होता अर्ज. पहिली अंघोळ आली का अजून?"

कुंडलिक खालीच बसले. "सरकार इंग्रजी तारीख मोजतं हो. यंदा अधिक महिना आला, दिवाळी पुढे गेली. कचेरी पुढे गेली नाही."

संदेशने भिंतीवरच्या काचेकडे पाहिलं. "मग हे काय आहे?"

"पावती. नुसती पावती."

"मी वाड्यात सगळ्यांना पेढे दिलेत," संदेश पुटपुटला.

"तारीख पुढे ढकलता येत नाही का?" अक्षदाने विचारलं.

"थोडी येते, अर्ज करून. पण मग आपला हक्क नव्या तारखेपासून. आणि ती तारीख महोत्सवाच्या नंतरची होणार. तुम्हीच स्टेजवरून जगाला दाखवलीत, आता ती नवी कशी म्हणायची? आपलाच व्हिडिओ आपल्यावर उलटेल."

शेवंतीबाईचा चेहरा मी समोरून बघत होते. ती कधी खाली बघत नाही. त्या वेळी बघितलं.

"वर्णन मी लिहून ठेवलंय," कुंडलिक म्हणाले. "अडलंय ते आतल्या खोबणीवर. तिचं चित्र हवं, रेघांचं. आज जे गेलं नाही ते नंतर घुसडता येत नाही. आणि वेळ म्हणाल तर मध्यरात्रीपर्यंत आहे, पण साईट बसली की कोणाला सांगणार? दिवेलागणीच्या आत पाठवू. विळी कुठाय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी देवीपुढे, कपाळाला कुंकू.

"हात लावायचा नाही," शेवंतीबाई म्हणाली.

"आई, अगं फक्त उघडून..." संदेश म्हणाला.

"बहिरा झालास का? लावायचा नाही म्हटलं. अक्षदा, कागद घे. मी सांगते, तू काढ."

अक्षदा जमिनीवर बसली. शेवंतीबाई हवेत बोट फिरवू लागली. "अशी तिरपी जाते. मग आत वळते. वळते म्हणजे एकदम नाही, जरा दमाने."

अक्षदाने काढलं.

"हे काय? मी खोबण सांगितली, तू बोंबील काढलास."

दुसरं काढलं. "छ्या! यात खुंटी कशी राहील? पहिल्याच दणक्याला बाहेर."

"आजी, किती खोल जाते ते तरी सांग."

"बोटाएवढी."

"कोणत्या बोटाएवढी?"

शेवंतीबाईने बोट पुढे केलं, मागे घेतलं, दुसरं पुढे केलं. ती मला एकदाच कोरून बसली होती. हाताला सगळं माहीत होतं, तोंडाला सांगता येत नव्हतं. कागदाचे बोळे वाढत गेले. बाहेर उन्हं उतरली. कुंडलिक एकदा घड्याळाकडे बघत, एकदा माझ्याकडे. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं बायांनो, मी इथेच आहे, तीन हातांवर, माझ्या पोटात बघा! पण आम्हाला पातं असतं, जीभ नसते.

"मावशी," कुंडलिक हळूच म्हणाले, "देवी रागावणार नाही हो."

"तू डोंबिवलीचा. आमची देवी कधी रागावते ते तू मला शिकवू नकोस. या हाताचं काय झालं ते या घराने बघितलंय." तिने कांताकडे बोट केलं.

कांता इतका वेळ चुलीपाशी उभी होती. सासूसमोर ती मोजकंच बोलते. ती पुढे आली आणि तिने तो उजवा हात सासूसमोर धरला.

"हात माझा आहे ना, आई? मग मी बोलते. विळीचं पातं उभं होतं म्हणून माझा हात गेला. पूजेतून उचलली म्हणून नाही गेला. आणि हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं."

"मला काय ठाऊक होतं?"

"देवीने हात घेतला असं खरंच वाटलं असतं, तर तुम्ही नारळ फोडून गप्प बसला असतात. निजणारं पातं कशाला बनवलं असतंत?"

या घरात शेवंतीबाईला उलटं कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आता ताट भिरकावलं जाणार असं मला वाटलं.

शेवंतीबाई त्या वाकड्या बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "फार तोंड फुटलंय तुला." तिने पदर खोचला. देवीला हात जोडले, काय पुटपुटली ते मलाही ऐकू आलं नाही. आणि तिने स्वतःच्या हातांनी मला उचललं.

"वरवंटा आण," ती कांताला म्हणाली.

मित्रांनो, सकाळीच धुतल्यामुळे माझी खुंटी फुगून बसली होती. ती सुकेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. मला उलटी केली. पहिला घाव बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला खुंटी सुटली आणि तिच्याबरोबर माझ्या खोबणीचा काठ तडकला. तो आवाज तिने ओळखला. तिने डोळे मिटले, क्षणभरच. मग म्हणाली, "बघ गो पोरी. नीट बघ. पुन्हा दिसायची नाही."

अक्षदाने माझ्या पोटात टॉर्च मारला. माप घेतलं, रेघ मारली, पुन्हा माप घेतलं. या वेळी शेवंतीबाईने कागद हातात धरला आणि बराच वेळ बोट फिरवत राहिली. "हां," ती म्हणाली. "ही माझी."

कुंडलिकांनी चित्रं चढवली. साईटवर चाक गोल गोल फिरायला लागलं. पाच जण त्या चाकाकडे बघत होते. एकदा ते थांबलं, सगळं पुसलं गेलं. कुंडलिकांनी शिवी गिळली आणि पुन्हा सुरुवातीपासून भरलं. देवीपुढे कांताने दिवा लावला तेव्हा पडद्यावर क्रमांक उमटला.

"गेला," कुंडलिक म्हणाले. "मूळ तारखेसकट पूर्ण अर्ज गेला. आता तपासणीसाठी वेगळा अर्ज करावा लागेल. मग ते शंका काढतील, आपण उत्तरं द्यायची. वर्षं लागतील, मावशी, आणि मिळेलच असं मी आज सांगत नाही."

"लागू दे. त्या तपासणीच्या अर्जाला मुदत आहे का?"

"आहे."

"मग इंग्रजी तारीख सांग आधी. चहा नंतर."

ती तारीख संदेशने भिंतीवर खडूने लिहिली, या एवढ्या मोठ्या आकड्यांत.

माझी खोबण पुन्हा जुळली नाही. नवी खुंटी घातली तर ती सैल बसते. आता कांता माझ्या धाकट्या बहिणीवर बसते. तीही शेवंतीबाईनेच घडवली, आणि घडवताना अक्षदाला शेजारी बसवून प्रत्येक घाव दाखवला. मी फळीवर असते. कधी शेवंतीबाई येते, माझ्या पाटावरून हात फिरवते आणि कोणी बघत नाही ना ते बघून जाते.

मला राग आहे का? आहे थोडा, खोटं कशाला बोलू? वर्षभर मला हार मिळाले, टाळ्या मिळाल्या, हळदकुंकू मिळालं. पण मला उलटी करून बघायची सवड कोणाला नव्हती. उन्हात सुकवून, सावकाश खुंटी काढली असती, तर आज मी बाजारात असते. म्हणून पोरांनो, एवढं ऐका. तुमच्या घरात आईने, आजीने, कोणी हातांनी काही नवं जुळवलेलं असेल, तर त्याची नुसती वाहवा करून सोडू नका. करणारीचे हात चालते आहेत आणि वस्तू धड आहे तोवर जवळ जा, वाका, आणि ते पोटातून कसं आहे ते तिला विचारून घ्या.