मिग्दालियासाठी बनवलेली तीनचाकी

मित्रांनो, मी एक जुनी तीनचाकी आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला नाही. क्यूबातल्या मान्सानियो गावी, एवेलियोच्या मागच्या अंगणात, आंब्याखाली मी तयार झाले. माझे पुढचे चाक आणि इंजिन एका मोडक्या मोटारसायकलचे. मागची दोन चाके एका लहान मोटारीची. तिच्या सांगाड्यात शेजारचा विल्फ्रेदो कोंबड्या कोंडत असे. बाक भंगारातल्या बसचा. दिवा ट्रॅक्टरचा, म्हणून तो माझ्या मानाने जरा मोठा दिसतो.

एवेलियोने साखर कारखान्यात एकतीस वर्षे लेथवर काम केले होते. मला त्याने बायकोसाठी बनवले. तिचे नाव मिग्दालिया. तिची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला तिला इस्पितळात जावे लागे. घोडागाडीतून परत येताना तिच्या अंगात त्राण नसे. प्रत्येक खड्ड्याला ती डोळे मिटून घेई. तिला पाठ टेकून घरी आणता यावे, एवढेच एवेलियोला हवे होते.

बाक बसवला तेव्हा ती बसून बघायला आली.

"चार बोटं खाली घे," ती म्हणाली. "मला इस्पितळात जायचंय, मिरवणुकीत नाही."

त्याने बाक खाली घेतला.

नंबरप्लेटशिवाय मी रस्त्यावर आले असते तर पोलिसांनी मला जप्त केले असते, आणि प्लेट मिळायला तपासणी व्हायला हवी होती. तपासणीच्या आदल्या दिवशी एवेलियोने मला घासूनपुसून लख्ख केले. कारखान्यातल्या लेथवाल्यांची एक रीत होती: हात फिरवल्यावर खरखर लागली, तर तो भाग पुढे द्यायचा नाही. त्या सवयीने त्याने माझ्या इंजिनावरचा गंजही कानशीने काढला. त्या गंजाखालीच इंजिनाचा नंबर कोरलेला होता.

तपासणीला सेनाइदा नावाची बाई होती. तिने ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, मला वळवून पाहिले. सगळे ठीक होते. मग ती विजेरी घेऊन इंजिनापाशी वाकली.

"मिस्त्री, नंबर कुठाय?"

"तिथंच आहे."

"तिथं आरसा आहे. माझं तोंड दिसतंय त्यात." तिने कागद परत दिले. "गाडी छान केलीत. पण बिननंबरी इंजिन मी पास करू शकत नाही."

एवेलियो मला ढकलत घरी घेऊन आला. संध्याकाळी विल्फ्रेदो कॉफी प्यायला आला. त्या टंचाईच्या दिवसांत कॉफीत भाजलेल्या वाटाण्यांची पूडच जास्त असे.

"आकड्यांचे ठसे आहेत माझ्याकडे," तो म्हणाला. "जुना नंबर कागदावर आहेच. ठोकून देतो. पाच मिनिटांचं काम."

एवेलियोलाही तसे करायचा मोह झाला होता.

"आणि ते पकडलं तर?" मिग्दालियाने विचारले. "गाडी अर्ध्या रस्त्यात काढून घेतली, तर मला खांद्यावर तू आणणार का, विल्फ्रेदो?"

"तुझं वजन किती ते सांग आधी."

"कॉफी पी आणि घरी जा."

एवेलियोने ते इंजिन उतरवले. दुसरे शोधायला त्याला चार महिने लागले. ते पाण्याच्या पंपाचे होते, ताकदीला कमी, पण नंबर स्वच्छ वाचता येत होता. त्या चार महिन्यांत मिग्दालिया घोडागाडीनेच गेली. ते महिने एवेलियोला भरून देता आले नाहीत. तिने ते कधी बोलून दाखवले नाही.

दुसऱ्या खेपेला सेनाइदाने नंबर वाचला आणि सही केली. पुढे एक वर्ष आणि दोन महिने मी मिग्दालियाची ने-आण केली. चढावर मी हळू चाले. ती पाठ टेकून बसे. कधी येताना झोपून जाई. इस्पितळाच्या फाटकावरचे लोक माझे कौतुक करत, तेव्हा एवेलियो फक्त म्हणे, "चालते."

ती गेल्यावर त्याने माझ्यावर ताडपत्री टाकली. पाच महिने मी तशीच उभी होते. टाकीतल्या पेट्रोलचा चिकटा झाला, टायर बसले, बाकात उंदरांनी घर केले. एवेलियो अंगणात येई, कोंबड्यांना दाणे टाकी आणि माझ्याकडे न बघता आत जाई.

एके सकाळी विल्फ्रेदोची बहीण एलोइना आली. तिलाही आता इस्पितळाच्या वाऱ्या सुरू झाल्या होत्या.

"गाडी चालत नाही," एवेलियोने सांगितले.

"गाडी चालत नाही, की तू?"

त्याने अंगणातल्या ताडपत्रीकडे पाहिले. मग म्हणाला, "गुरुवारी ये."

मला चालू करायला त्याला तीन दिवस लागले. उभ्या उभ्या माझे जेवढे बिघडले होते, तेवढे वर्षभर धावून बिघडले नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणासाठी तरी केलेली एखादी वस्तू असेल. ते माणूस गेले, तरी ती झाकून ठेवू नका. आठवड्यातून एकदा बाहेर काढा, चालू करा. कुठे जायचे नसले तरी चालेल.