अळिवाचे लाडू

लेक दोन महिने आधीच बाळंत झाल्याचं कळलं, तशा वासंतीबाईंनी नागपुरात एका दिवसात डिंक-अळिवाचे लाडू वळले आणि स्टीलचा भलाथोरला डबा मांडीवर घेऊनच त्या बेंगळुरूच्या विमानात बसल्या. डबा वर ठेवा म्हणणाऱ्या हवाईसुंदरीवर त्या चांगल्याच खेकसल्या. अळिवाने बाळंतिणीला दूध उतरतं, आणि आपल्या नातीला दुधाची ददात पडू द्यायची नाही, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

नात सात दिवस काचेच्या पेटीत राहिली आणि गेली. बारसं व्हायचं होतं, म्हणून नावही नव्हतं. दवाखान्याच्या कागदांवर नुसतं 'बेबी ऑफ शाल्मली'.

मारतहळ्ळीच्या त्या फ्लॅटमध्ये जावई शंतनु लॅपटॉप न उघडताच त्याच्यासमोर बसून राही. वासंतीबाईंच्या तोंडाला एरवी कोण लागणार? पण आता लेकीशी काय बोलावं, हेच त्यांना सुचेना. म्हणून त्या लाडू देत राहिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक.

"खाऊन घे न, बाप्पा. ताकद कुठं राहिली तुझ्यात?"

शाल्मली मुकाट्याने खायची, ताटलीतला कणही वेचून. तेवढ्यानेच आईला बरं वाटे.

नात गेल्याच्या तिसऱ्या दिवशी शाल्मलीला ताप भरला. छाती दगडासारखी घट्ट झाली, कातडी लालबुंद, कुर्ता टेकला तरी ती कळवळे. डॉक्टरीणबाईंनी औषधं दिली, दूध आता हळूहळू आटू द्या म्हणाल्या. दोन दिवसांत ताप उतरला. दूध मात्र थांबेना.

ताप उतरला त्या दुपारी खालच्या मजल्यावरच्या अंबुबाई मोगऱ्याची माळ घेऊन आल्या. त्यांचं मराठी घर पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. माळ पाहताच वासंतीबाईंचं डोकं फिरलं.

"सुतक आहे घरात, अन् तुम्ही गजरे काय आणता?"

"केसात घालायला नव्हे, अक्का. छातीवर बांधायची. या मल्लिगेनं दूध आटतं म्हणतात आमच्यात." अंबुबाईंनी माळ उशाशी ठेवली. "मलाही बांधली होती आईनं." मग त्यांची नजर ताटलीकडे गेली. "अय्यो, अळीव देताय तिला? यानं दूध वाढतं नव्हे?"

वासंतीबाईंनी ताटली मागे ओढली. दूध प्यायला आता कोणी नाही, हे सगळ्या घराला कळलं होतं. फक्त त्यांच्या हातांना कळलं नव्हतं. आपणच लेकीला जाळलं, असं वाटून त्या डबा घेऊन कचऱ्याकडे निघाल्या.

"आई, टाकू नको."

"माझं चुकलं गं पोरी. ध्यानातच नाही आलं माझ्या."

"मला माहीत होतं," शाल्मली म्हणाली. "म्हणून तर खात होते. तिचं दुसरं काय आहे माझ्याजवळ? हे आटलं की मी कोणाचीच आई नाही."

डबा तसाच हातात धरून वासंतीबाई पलंगावर बसल्या. मग तो खाली ठेवून त्यांनी माळ उचलली, तेव्हा शाल्मलीने त्यांचं मनगट धरलं.

"आज नको. आज बारावा दिवस आहे. आज बारसं असतं तिचं."

अंबुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "सरी, ठीक आहे, मग उद्या बांधा. ओल्या फडक्यात ठेवा, कळ्या राहतील."

वासंतीबाईंनी माळ फ्रिजमध्ये ठेवली. परत येऊन त्यांनी लेकीच्या कपाळावर हात ठेवला. "काय नाव ठेवणार होतीस?"

"सुखदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या लाल, दुखऱ्या छातीवर हलक्या हाताने माळ ठेवली आणि वरून मऊ पंचा सैलसर बांधला. गाठ मारून झाल्यावर वासंतीबाई खाली वाकल्या आणि नातीच्या कानात सांगायचं ते नाव लेकीच्या कानात तीनदा म्हणाल्या. तेव्हा कुठे शाल्मली मोठ्याने रडली.