कोपणारा पंप

ऑफिसातल्या काचेच्या खोलीबाहेर सगळा मजला जमला होता. आत डायलिसिस यंत्राच्या पंपासमोर आमचे मुख्य प्रोग्रॅमर एकटेच बसले होते. सगळे त्यांना बाबा म्हणत. थोड्या वेळाने बंद पडलेला पंप फिरू लागला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर तर चक्क हात जोडून उभा होता.

"'सी' भाषेतला जुना कोड आहे, जिवंत आहे तो," बाबा बाहेर येत म्हणाले. "कोणी डिवचलं की कोपतो."

डिवचणारी मी. पंप चालवणारा हा कोड एकाच अवाढव्य फाइलमध्ये होता आणि तिचे सुटसुटीत तुकडे करायचं काम माझ्याकडे होतं. त्यातली न वापरलेली व्हेरिएबल्स, म्हणजे आकडे ठेवायला मेमरीत राखलेल्या जागा, काढली की पंप थांबायचा.

"तपासणीचं टूल काय म्हणतं ते बघू या का?" मी विचारलं. हे टूल प्रोग्रॅम न चालवता नुसता कोड वाचून चुका दाखवतं.

"टूलला अक्षरं दिसतात, पोरी. मला त्याचा स्वभाव कळतो. आणि रिपोर्ट बघ, त्या फाइलवर एकही इशारा नाही."

त्याच आठवड्यात मावशीला भेटायला गेले. तिचं डायलिसिस आमच्याच यंत्रावर होतं.

"परवा मध्येच बंद पडलं गं," ती म्हणाली. "नळीतलं रक्त थांबलेलं दिसत होतं मला. नर्सने पंप हाताने फिरवून ते परत अंगात घातलं."

मला तो रिपोर्ट आठवला. इतकी जुनी फाइल आणि एकही इशारा नाही? ऑफिसात येऊन टूलच्या सेटिंग्ज उघडल्या. ती फाइल तपासणीतून वगळलेली होती, आणि वगळली होती बाबांनीच.

मी ती पुन्हा तपासणीत घेतली. टूलने लगेच बोट ठेवलं: अलार्म साठवायला आठच खण, आणि नववा अलार्मही लिहिला जातोय. तो शेजारच्या जागेत घुसायचा. तिथे पंपाचा वेग ठेवलेला असला की वेग शून्य. बाबांचा उपचार एवढाच की मध्ये एक रिकामं व्हेरिएबल सरकवायचं. दहावा अलार्म आला की तेही पुरायचं नाही; मावशीच्या यंत्रात तेच झालं असणार.

सगळ्यांसमोर मी हे पडद्यावर दाखवलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"दुरुस्त करून टाकलं असतं, तर मला कोणी विचारलं असतं का?" बाबा शांतपणे म्हणाले.

"हे बाहेर जायला नको," मॅनेजर पुटपुटला.

"हॉस्पिटलांना आजच कळवायचं. तुम्ही कळवा, नाहीतर मी कळवते."

शेवटी मॅनेजरनेच कळवलं. अलार्म मोजून आठ खणांबाहेर काही लिहू न देणारी एक ओळ मी घातली, रिकामी व्हेरिएबल्स काढून टाकली, फाइलचे तुकडे केले. पंप फिरत राहिला.

कोडला स्वभाव नसतो, कोप नसतो. त्यात चुका असतात आणि त्या शोधता येतात. टूलचे इशारे वाचा. कोणी ते बंद केले असतील, तर का केले ते विचारा. 'कसं केलंत?' याचं उत्तर जो देत नाही, त्याच्या हाती कोणाचंही रक्त सोपवू नका.