रडणारा चंबू

पहिला दगड ताईच्या कपाळावर बसला आणि पटांगणात मांत्रिक बाबाच्या नावाचा एकच जयघोष झाला.

आदल्या दिवशीच्या वादळात यंत्रमागाच्या शेडचे पत्रे उडाले होते, दोन कामगार दगावले होते. आता लोकांना कुणाचा तरी जीव हवा होता. मधोमध उभ्या बाबाच्या हातात काचेचा बंद चंबू होता. वर हवा, खाली निळं पाणी, बुडाशी जोडलेली, वर वळलेली बारीक उघडी तोटी. वादळाआधी हा चंबू भर सभेत रडला होता. मग काय, शंका घ्यायची कुणाची टाप!

"वादळ येत नसतं, बोलावलं जातं!" बाबा गरजला. "बोलावणारी समोर आली की चंबू रडतो!"

पहिला दगड पडण्याआधी बारा जणांसमोर त्याने चंबू साखळीने लटकवून फिरवला होता. थेंबही पडला नव्हता. ताईसमोर मात्र तो दोन्ही हातांनी कवटाळून त्याने बराच वेळ मंत्र पुटपुटला, आणि तोटीतून पाणी ठिबकलं होतं.

ताई त्याच कारखान्यात शिवणकाम करायची. "पत्रे बांधून घ्या, वादळ येतंय," असं तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं. आणि तिला ते सांगितलं होतं तिच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी. गर्दीत घुसताना बाईंचा ओठ फुटला, कुणीतरी केस ओढले. माझ्यामुळे ताई मरणार, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. तेवढ्यात चंबूला घट्ट लागलेले बाबाचे तळहात त्यांच्या नजरेस पडले.

ताईवर लोखंडी गज उगारलेल्या मुकादमापुढे बाई आडव्या आल्या. त्याचा सख्खा भाऊ पत्र्याखाली गेला होता.

"दादा, मारा हवं तर. पण आधी तो चंबू तुम्ही हातात घ्या. त्याच्या पोटाला तळहात लावून घट्ट धरा, आणि बाबांसमोर उभे राहा."

"अपवित्र होईल!" बाबा किंचाळला. मुकादमाने गज टाकून चंबू हिसकावलाच.

थोड्या वेळाने पाणी ठिबकलं. बाबासमोर!

"आत हवा कोंडलेली आहे," बाई म्हणाल्या. "हाताच्या उबेने ती फुगते आणि पाणी बाहेर लोटते. साखळीने धरलं की ऊब लागत नाही. वादळाआधी बाहेरच्या हवेचा दाब उतरतो, तेव्हाही आतली हवा पाणी लोटते. सातवीच्या मुलांनी असाच चंबू केलाय. तो गळताना बघूनच मी ताईला सांगितलं."

मग मुकादमाने पुन्हा उचललेला गज बाबाच्या खांद्यावर उतरला, हाड मोडल्याचा आवाज आला. दगड पुन्हा उचलले गेले. बाई धावत जाऊन बाबापुढे उभ्या राहिल्या.

"याला पोलीस नेतील! मघाशी माझ्या बहिणीबद्दलही तुमची अशीच खात्री होती ना?"

"माझा भाऊ गेला, बाई..." मुकादमाने गज खाली टाकला.

"वादळ कुणी बोलावू शकत नाही, दादा. पण ते येतंय हे आधी कळू शकतं. कुणी सांगितलं तर, तुला कसं कळलं, एवढं तरी विचारा. ताईला ते विचारून पत्रे बांधले असते, तर तुमचा भाऊ आज जिवंत असता."