लोकरीच्या टोपीतला तास

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. मी स्वयंपाकघरातला एक जुना टायमर आहे, पत्र्याचा, वाटीएवढा, तांबड्या रंगाचा. माझं डोकं फिरवलं की पोटातली स्प्रिंग आवळते. मग काटा हळूहळू शून्याकडे यायला लागतो, आणि शून्य आलं की मी घणघणतो. मधल्या वेळच्या आवाजाला लोक टिकटिक म्हणतात. म्हणोत बापडे! ती माझ्या छातीची धडधड आहे, हे मला एकट्यालाच ठाऊक.

ऑकलंडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तपासणाऱ्या बाईंनी मला पहिल्यांदा फिरवून टेबलावर ठेवलं आणि मी घणघणलो, तेव्हा सगळ्यात जास्त दचकलो तो मीच. त्या हसल्या, माझ्या पाठीवर एक चिठ्ठी डकवली आणि मला खोक्यात घातलं. खोक्यात काळोख होता. मला काळोखाचीही भीती वाटते.

खोक्यातून मला बाहेर काढलं ते हुरिया नॅनीने. तिकडे आजीला नॅनी म्हणतात. उत्तरेकडे खाडीच्या काठी तिचं गाव. बटाट्याच्या आंबवणाचा तिचा पाव गावात इतका नावाजलेला की लग्न असो, मयत असो, गावच्या सभाघरात हुरियाचा पाव हवाच. एकेका वेळी चाळीस-चाळीस पाव निघायचे आणि ते सगळे माझ्या भरवशावर. मी भीत भीत मोजत राहायचो. एकही पाव करपला नाही हो! नॅनी माझ्या डोक्यावर टिचकी मारून बायकांना सांगायची, "माझा नवरा खोटं बोलायचा, माझा पोरगा खोटं बोलतो, हा मात्र कधी नाही." बायका खो खो हसायच्या. मला आतून फुलून यायचं.

मग नॅनीचा मुलगा पिरिपी याचं लग्न झालं. तो दुधाचा टँकर चालवायचा. नॅनीने मला सुनेच्या हातात दिलं आणि म्हणाली, "नायरी, याला उलटा कधी फिरवू नकोस. स्प्रिंग तुटेल." एवढं एकच पथ्य होतं माझं.

नायरी सकाळी शाळेच्या कचेरीत काम करायची. दुपारी धुणं, लेक मेरेआना, संध्याकाळचं जेवण. गावात कुणी गेलं की तीन दिवस सभाघराच्या चुलीपाशी सगळ्यांबरोबर राबणं, त्यातून सुटका कुणालाच नाही. आणि या सगळ्याच्या खाली, कुकरमध्ये वाफ कोंडावी तशी तिच्या डोक्यात एक गोष्ट कोंडलेली होती. पुरुषाचे कपडे घालून जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेलेल्या एका मुलीची गोष्ट. ती कादंबरी नायरी शाळेच्या वह्यांत पेन्सिलीने लिहायची. दोन वह्या भरल्या होत्या, तिसरी चालू होती.

एका दुपारी तिने मला चाळीस मिनिटांवर फिरवलं, टेबलावर ठेवलं आणि घरादाराला बजावलं, "हा वाजेपर्यंत मी घरात नाही. घर पेटलं तरच हाक मारायची."

पिरिपीला भारी गंमत वाटली. कामावरून आला की तो लेकीला विचारायचा, "मेरेआना, आई कुठंय गं?"

"टायमरमध्ये," मेरेआना सांगायची. तेव्हा ती पाचाचीही नव्हती. पण नियम पाळावा तर तिनेच. माझ्यासमोर हनुवटी टेकून बसायची, काट्याकडे बघत, चिडीचूप.

मोठ्यांचं मात्र विचारू नका. "अहो लेखिकाबाई, त्रास देत नाहीये, माझा निळा शर्ट तेवढा सांगा कुठंय." हा पिरिपी. "नायरी, तू लिही हो, लिही, फक्त पीठ कुठल्या डब्यात ठेवलंयस?" ही नॅनी. शिवाय फोन, शेजारीण, शाळेतला निरोप. दर हाकेला नायरीची पेन्सिल थांबायची आणि ती माझ्याकडे बघायची. उरलेली मिनिटं बघून तिचा चेहरा असा उतरायचा की मला वाटायचं, मीच चोर आहे. मीच तिचा वेळ पोटात घालतोय.

त्यात एकदा असं झालं, की एक वाक्य अगदी पेन्सिलीच्या टोकाशी आलेलं असताना मी घणघणलो. वाक्य पळालं ते पळालंच. नायरी रागावली नाही. तिने पिरिपीची लोकरीची टोपी आणली आणि मला तिच्यात गुंडाळलं. टोपीतून माझा आवाज ऐकू येईना, नुसती गुरगुर. तिला ते बरं पडलं. मला टोपीच्या भोकांतून जेमतेम दिसायचं, आणि आपण वाजलो तरी कुणी ऐकणार नाही, या विचाराने माझी धडधड दुप्पट व्हायची.

तरीही हाका थांबल्या नाहीत. म्हणून तिने घराबाहेरची जागा शोधली. गावापुढच्या खाडीत ओहोटीला एक लांबलचक शिंपल्यांचा बांध उघडा पडतो. काठ्या रोवून आखलेल्या वाळूच्या वाटेने गाडी थेट तिथवर जाते. लोक मासे धरायला, शिंपले वेचायला जातात आणि भरतीच्या आत परततात. तिथे फोन लागत नाही. नायरीला आणखी काय हवं होतं! गाडी उभी करायची, मला समोरच्या काचेखाली ठेवायचं आणि मांडीवर वही घ्यायची. चारी बाजूंनी वाळू आणि पक्षी. पहिल्या दिवशी ती मोठ्याने म्हणाली, "अगंबाई, किती शांत आहे इथं!" मला ती शांतता बघून घाम फुटला होता. वाळूवर सगळीकडे पाण्याच्या खुणा होत्या, अगदी काठ्यांच्या शेंड्यांपर्यंत.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक गावात प्रत्येकाच्या फ्रिजवर असतं. ते हिवाळ्याच्या वेळेने छापतात. उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे असतात, म्हणून छापलेल्या वेळेत एक तास मिळवायचा. सहा महिने मिळवून मिळवून ती सवय हाडात मुरते. तिकडचा उन्हाळा सरला की, एप्रिलच्या पहिल्या रविवारी, घड्याळं पुन्हा मागे येतात आणि त्या दिवसापासून काही मिळवायचं नसतं.

त्याच रविवारची गोष्ट. शेवटचं प्रकरण संपवून अख्खी कादंबरी दुसऱ्या दिवशी प्रकाशकाकडे पाठवायची होती. पिरिपी टँकर घेऊन गेलेला, नॅनी चर्चमध्ये. नायरीने सकाळी उठून स्वयंपाकघरातलं घड्याळ स्वतःच्या हाताने तासभर मागे केलं. आणि मग फ्रिजवरचा भरतीचा आकडा बघून, सवयीने, त्यात एक तास मिळवला. पेन्सिलीने कडेला लिहिलासुद्धा. दोन वह्या पिशवीत घातल्या, तिसरी हातात, मला टोपीत घातलं, मेरेआनाला बादली दिली आणि निघाली.

मित्रांनो, मला पाण्यातलं काही कळत नाही. मला जेवढं सांगतात तेवढं मी मोजतो. दीड वाजता तिने मला साठावर फिरवलं आणि म्हणाली, "हा शेवटचा तास. हा वाजला की घरी." मेरेआना गाडीच्या मागे शिंपले वेचत होती.

काटा चाळीसवर होता तेव्हा टोपीच्या भोकातून मला काहीतरी चमकलेलं दिसलं. लांब, काठ्यांच्या बुंध्याशी. तिसावर आला तेव्हा ती चमक सरकत होती. पाणी होतं ते! मी ओरडायला हवं होतं. पण तीस म्हणजे तीस. शून्याच्या आधी मला तोंड उघडता येत नाही, मला घडवलंच तसं आहे. आयुष्यभर मी शून्याला भीत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा ते लवकर यावं म्हणून तडफडलो आणि एक एक मिनिट आपल्या चालीनेच जात राहिलं.

मेरेआना धावत आली. गुडघ्यापर्यंत भिजलेली, बादली रिकामी. खिडकीशी उभी राहून अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, घर पेटलं नाहीये. पण पाणी आलंय."

नायरीची पेन्सिल चालूच. मान वर नाही. "वाजला का तो?"

"नाही."

"मग वाजला की सांग हं, राणी."

पोर गाडीत चढली. माझ्यापुढे हनुवटी टेकून बसली, नेहमीसारखी. तिने एकदा बाहेर बघितलं, एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे. मला हात लावायचा नाही हे तिला चालता येण्याच्या आधीपासून ठाऊक होतं. तिने टोपी ओढून काढली, दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि उलटं, करकचून, शून्यापर्यंत फिरवलं.

पोटात काहीतरी खटकन तुटलं. आणि मी घणघणलो. असा की तसा आयुष्यात कधी घणघणलो नव्हतो.

"मेरेआना! हात लावलास याला?" नायरी कडाडली, आणि तेवढ्यात तिचं लक्ष काचेबाहेर गेलं.

पुढचं सांगताना अजूनही माझा पत्रा थंड पडतो. गाडी सुरू झाली. वाटेच्या मधोमध एक खोलगट ओहळ आहे, तिथे पोचता पोचता इंजिन गुदमरून बंद पडलं. दारातून पाणी आत आलं. नायरीने मेरेआनाला खांद्यावर घेतलं. पिशवी दुसऱ्या हातात उचलली, दोन पावलं टाकली आणि प्रवाहाने तिला असं ओढलं की ती एका गुडघ्यावर आली. एका हाताने पोरीचे पाय धरायचे, दुसऱ्याने काठी. तिसरा हात कुठून आणणार? तिने पिशवी गाडीच्या टपावर ठेवली. एक क्षणभर बघितलं तिच्याकडे. मग वळली.

मी मेरेआनाच्या एका हातात होतो. पाणी नायरीच्या कमरेला, मग छातीला. ती मोठमोठ्याने काठ्या मोजत होती, "चौदा... पंधरा... घट्ट धर गं बाई, केस धर माझे, ओढ खुशाल..." मेरेआना रडत नव्हती. तिचे दात वाजत होते आणि माझ्यात आता टिकटिक नव्हती.

समोरून हुरिया नॅनी येत होती. चर्चच्या चांगल्या कपड्यांत, कमरेएवढ्या पाण्यात, एक दोर काठाच्या खांबाला बांधून दुसरं टोक मनगटाला गुंडाळलेलं. घरी येऊन तिने फ्रिजवर पेन्सिलीचा तो आकडा वाचला होता आणि जिवाच्या आकांताने धावत सुटली होती. तिने नायरीचं मनगट पकडलं आणि दोघींना काठावर ओढलं.

वाळूवर पडल्यापडल्या नॅनी किंचाळली, "जागा नव्हती का गं तुला घरात? समुद्रात जाऊन बसायला निघालीस ती!"

नायरीला धाप लागली होती. ती एवढंच म्हणाली, "घरात माणसं होती, नॅनी."

नॅनी मनगटावरचा दोर सोडायला लागली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला पिरिपीने ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली. टपावर काही नव्हतं. तिसरी वही सीटखाली मिळाली, तिचा लगदा झाला होता. पिरिपी तो लगदा दोन हातांच्या ओंजळीत घरी घेऊन आला आणि उंबऱ्यात उभा राहून रडला.

नायरीने लिहिणं सोडलं. धुणं वेळेवर, जेवण वेळेवर, शर्ट जागच्या जागी. घरात कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. मी खिडकीत पडून होतो, मुका. तुम्हाला वाटेल, आता घाबरायचं काय राहिलं? मला तर त्या पाण्यापेक्षाही त्या टापटीप घराची जास्त भीती वाटायची. नायरी भांडी घासता घासता मध्येच थांबायची. तिचे ओठ हलायचे, कुणाशी तरी बोलल्यासारखे, आणि मग ती नळ आणखी मोठा सोडायची. जहाजावरच्या त्या मुलीला ती तिथेच बुडवत होती.

जूनमधली एक दुपार. मेरेआनाने आपल्या शाळेची कोरी वही आणून टेबलावर ठेवली. पेन्सिलीला टोक केलं. मग दाराशी जाऊन, पाठ आत, तोंड खाडीकडे, अशी उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तू लिही. पाणी मी बघते."

नायरीच्या हातातली बशी फुटली. ती तोंडाला पदरासारखं फडकं लावून हमसाहमशी रडायला लागली. त्या पोरीने दोन महिने एकटीने काय वाहिलं होतं, ते त्या घराला तेव्हा कळलं.

आतल्या खोलीतून नॅनी आली. तिने आपली खुर्ची फरफटत दारापाशी नेली आणि तीत बसली. "तू जा खेळायला, बाळा," ती म्हणाली. "हे काम तुझं नव्हेच. पाणी बघायला मी आहे. तुझा बाप आहे. आम्ही एवढी मोठी माणसं कशाला आहोत?" मग मागे न बघता सुनेला म्हणाली, "तास झाला की मी दारावर टकटक करीन. तेव्हा मात्र उठायचं. टोपीबिपी चालायची नाही."

मेरेआना बराच वेळ हलली नाही. मग खरंच खेळायला गेली. आणि नायरीने वही उघडली.

मित्रांनो, मी आता काहीच मोजत नाही, तरी तुमच्यासाठी थोडासा घाबरतोच. तुमच्यातलं कुणी लिहीत असेल, तर वेळ सांगणाऱ्याचं तोंड कधी बांधू नका. आणि तुमच्या घरात कुणी लिहायला बसलं, तर त्याला शर्ट आणि पीठ विचारू नका. दाराशी खुर्ची टाका, तिच्यात मोठ्या माणसाला बसवा, आणि त्याला म्हणायला सांगा, तू लिही, पाणी आम्ही बघतो.